छायाचित्रात दिसणारा अष्टकोन खरा कसा ओळखावा? पुण्यातील वास्तूंविषयी मार्गदर्शन हवे

भूमितीवर्ग

नमस्कार. मी पुण्यातील एका माध्यमिक शाळेत नववीच्या वर्गाला गणित शिकवते. दिवाळीच्या सुट्टीसाठी मुलांना एक उपक्रम द्यायचा आहे. प्रत्येक गटाने शहरातील एका ऐतिहासिक वास्तूची छायाचित्रे काढायची, त्यांत ठरवून दिलेली एकच भौमितिक आकृती शोधायची आणि ती रेषांनी दाखवायची. आकृती सर्व गटांना समान ठेवली तर निरनिराळ्या काळांतील वास्तू एकमेकींशेजारी ठेवून पाहता येतील, असा माझा हेतू आहे.

सुरुवातीला मी त्रिकोण निवडला होता. नमुन्यादाखल दोन गटांनी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचे छायाचित्र घेतले. एका गटाने दोन बाजूंच्या बुरुजांचे माथे आणि कमानीचे टोक जोडले, तर दुसऱ्या गटाने उंबऱ्याची दोन टोके आणि नगारखान्याचा मध्य जोडला. दोन्ही रेखाटने नीटनेटकी होती, मुलांनी मेहनतही घेतली होती, परंतु १७३० साली पायाभरणी झालेल्या त्या वाड्याच्या बांधकामाशी या त्रिकोणांचा काहीएक संबंध सांगता येईना. एका रेषेत नसलेले कोणतेही तीन बिंदू घेतले तरी त्रिकोण होतोच. त्यामुळे आकृती अशी हवी की जी आपोआप तयार होत नाही आणि जी बांधणाऱ्याला मुद्दाम आखावी लागते. म्हणून मी अष्टकोनाचा विचार करते आहे.

माझ्या दोन शंका आहेत. पुण्यात मुद्दाम बांधलेला अष्टकोन मुलांना कोठे पाहता येईल? आणि छायाचित्रात आठांपैकी तीन किंवा चारच बाजू दिसत असताना ती आकृती अष्टकोनच आहे, षट्कोन किंवा वर्तुळ नाही, हे नववीच्या मुलांना पट्टी, पेन्सिल आणि फोन एवढ्याच साधनांनी कसे ठरवता येईल?

ओळंबा

ताई, आकृती बदलण्याचा आपला निर्णय मला मनापासून पटला. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीच्या कामात माझे आयुष्य गेले आहे आणि छायाचित्रांवर मनाला येतील त्या रेषा ओढून "येथे सुवर्णगुणोत्तर आहे" असे सांगणारे लेख वाचले की मला फार वाईट वाटते. रेषा जाड घेतली आणि सुरुवातीचा बिंदू सोयीने निवडला, तर कोणत्याही इमारतीवर हवे ते गुणोत्तर बसवता येते. त्या आकृतीचे काही काम आहे का, ती कोणाला तरी दोरी ताणून आखावी लागली होती का, ही कसोटी अष्टकोन फार चांगली पार पाडतो.

पुण्यात सर्वांत सोपे उदाहरण म्हणजे महात्मा फुले मंडई. १८८६ साली खुली झालेली ही इमारत मुंबई प्रांताच्या गव्हर्नरांच्या नावावरून 'रे मार्केट' म्हणून ओळखली जात असे. तिचा मधला मनोरा अष्टकोनी आहे. भाजी घ्यायला रोज येणारी माणसेसुद्धा मान वर करून त्याच्या बाजू मोजत नाहीत, म्हणून मुलांना तेथे आवर्जून पाठवावे.

अष्टकोनाचे खरे महत्त्व मात्र चौकोन आणि वर्तुळ यांच्यामधला टप्पा म्हणून आहे. चौकोनी गाभाऱ्यावर गोल घुमट बसवायचा असेल, तर चारही कोपरे उघडे राहतात. त्या कोपऱ्यांवर तिरके दगड टाकले की चौकोनाचा अष्टकोन होतो आणि अष्टकोनावर वर्तुळ सहज बसते. दख्खनमधील जुन्या मंदिरांच्या खांबांवरही हा क्रम दिसतो: तळाशी चौकोन, त्यावर अष्टपैलू भाग आणि वर गोल. शिल्पशास्त्रात शिवलिंगाचेही असेच तीन भाग सांगितले आहेत. तळाचा चौकोनी तो ब्रह्मभाग, मधला अष्टकोनी तो विष्णुभाग आणि वरचा गोल तो रुद्रभाग. पूजेच्या वेळी आपल्याला केवळ शेवटचा दिसतो, कारण खालचे दोन पीठात बसवलेले असतात.

आखणी मुलांकडून प्रत्यक्ष करून घ्या. मैदानावर दोरीने चौरस आखावा, त्याचे कर्ण काढावेत आणि अर्ध्या कर्णाइतकी दोरी घेऊन प्रत्येक कोपऱ्यातून लगतच्या दोन्ही बाजूंवर खुणा कराव्यात. चार कोपऱ्यांतून आठ खुणा मिळतात. त्या जोडल्या की सुसम अष्टकोन तयार होतो. हिशेब करून पाहिल्यास चौरसाच्या बाजूचा सुमारे ०.२९३ भाग प्रत्येक टोकाला सुटतो आणि मधला ०.४१४ भाग अष्टकोनाची बाजू बनतो. आपल्याकडील जुन्या गजाचे २४ तसू असत. एक गज रुंदीच्या तुळईवर हेच प्रमाण ७, १० आणि ७ तसू असे जवळजवळ तंतोतंत बसते. चौकोनी लाकडाचा गोल खांब करताना सुतार आजही आधी चार कोपरे उतरवून आठ पैलू करतो, मग सोळा आणि शेवटी रंधा मारून गोलाई आणतो. एखादा जुना सुतार काम करताना पाहायला मिळाला, तर मुलांना पुस्तकातले प्रमेय विसरणे अवघड जाईल.

कर्कटक

ओळंबा यांनी आखणी सांगितलीच आहे, म्हणून मी छायाचित्राकडे वळतो. सर्वप्रथम मुलांना कोनमापक घरी ठेवायला सांगावे. सुसम अष्टकोनाचा आतला कोन १३५ अंशांचा असतो हे त्यांना ठाऊक असते, आणि ती लगेच छायाचित्रावर १३५ अंश शोधू लागतात. परंतु छायाचित्रात कोन टिकत नाहीत, लांबीची गुणोत्तरे टिकत नाहीत आणि समांतर रेषाही समांतर राहत नाहीत. सरळ रेषा सरळ राहते आणि एका बिंदूतून जाणाऱ्या रेषा एका बिंदूतूनच जातात, एवढ्या दोन गोष्टींवर विश्वास ठेवून काम करावे लागते.

जोते, हौद किंवा फरशीवरील नक्षी वरून पाहता येत असेल, तर आठही शिरोबिंदू दिसतात. समोरासमोरचे शिरोबिंदू जोडणारे चार कर्ण काढावेत. ते छायाचित्रातही एकाच बिंदूत मिळाले पाहिजेत. न मिळाल्यास आकृती सुसम नाही किंवा शिरोबिंदू चुकीचे धरले आहेत. नंतर समोरासमोरच्या बाजूंच्या चार जोड्या वाढवाव्यात. प्रत्येक जोडी दूर कोठेतरी एका बिंदूत मिळते आणि असे मिळणारे चारही बिंदू एकाच सरळ रेषेवर, म्हणजे क्षितिजरेषेवर, येतात. यासाठी छायाचित्र मोठ्या कागदाच्या मध्यभागी चिकटवावे लागेल, कारण हे बिंदू बहुधा चौकटीच्या बाहेर पडतात.

मनोऱ्याची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथे मागच्या बाजू दिसतच नाहीत. त्यासाठी मनोऱ्याच्या एका पैलूसमोर अगदी मध्यावर उभे राहावे. समोरचा पैलू पूर्ण रुंदीचा दिसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे पैलू आक्रसलेले दिसतात. खूप दूरून पाहिल्यास सुसम अष्टकोनात समोरच्या पैलूची आणि बाजूच्या पैलूची दृश्य रुंदी १० : ७ या प्रमाणात येते, कारण बाजूचा पैलू ४५ अंशांनी वळलेला असतो. षट्कोनातही तीनच पैलू दिसतात, परंतु तो कोन ६० अंशांचा असल्यामुळे प्रमाण १० : ५ येते. आपली दुसरी शंका येथेच सुटते.

एक सावधगिरी मात्र अत्यंत आवश्यक आहे. जवळून छायाचित्र घेतल्यास बाजूचे पैलू अधिकच लहान दिसतात. अंतर मनोऱ्याच्या मध्यापासून धरल्यास, त्याच्या रुंदीच्या दसपट अंतरावरून अष्टकोनाचे प्रमाण सुमारे १० : ६.७ येते, पाचपट अंतरावरून १० : ६.३ येते आणि अडीचपट अंतरावरून ते १० : ५.५ पर्यंत घसरते, म्हणजे षट्कोनाच्या पुस्तकी प्रमाणाजवळ जाते. षट्कोनाचे प्रमाणही पाचपट अंतरावर १० : ४ इतके खाली येते. त्यामुळे अंतर नोंदवल्याशिवाय केलेल्या मापनाला अर्थ राहत नाही. हे आकडे कसे आले, हे समरूप त्रिकोणांवरून काढणे आपल्या वर्गातील हुशार मुलांना जमेल; तो भाग त्यांच्यासाठी राखून ठेवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

तिरपे_ऊन

गणितात मला फारशी गती नाही, परंतु पेठांतील जुन्या इमारतींची छायाचित्रे मी बरीच वर्षे काढतो आहे. कर्कटक सरांची मापे नीट जुळायची असतील, तर दोन गोष्टी पाळाव्या लागतील. फोनमधील रुंद कोनाचे भिंग वापरू नये, कारण त्यात चौकटीच्या कडेच्या वस्तू ताणल्या जातात. मनोरा चौकटीच्या मध्यात ठेवून लांबूनच छायाचित्र घ्यावे. दुसरे म्हणजे, फोन वर न झुकवता ओळंब्यात सरळ धरावा. झुकवला की उभ्या रेषा वर एकत्र येऊ लागतात, मनोरा मागे कलल्यासारखा दिसतो आणि एकाच पैलूची रुंदी तळाशी वेगळी, माथ्याशी वेगळी येते. सरळ धरल्यामुळे खालचा रस्ता आणि गर्दी चौकटीत आली तरी हरकत नाही, ती नंतर कापता येते.

अष्टकोन की वर्तुळ, या शंकेसाठी मापापेक्षा प्रकाश अधिक उपयोगी पडतो. सकाळी आठ-नऊच्या सुमारास किंवा दुपारी चारनंतर ऊन तिरपे असते. त्या वेळी पैलूदार मनोऱ्याचा प्रत्येक पैलू आपापल्या एका छटेत दिसतो आणि धारेवर छटा एकदम बदलते. गोल बुरुजावर तीच छटा उजेडाकडून अंधाराकडे हळूहळू सरकते, कोठेही तुटत नाही. छायाचित्र पडद्यावर मोठे करून एका आडव्या पट्टीत डावीकडून उजवीकडे नजर फिरवली की हा फरक स्वच्छ कळतो. ढगाळ दिवशी किंवा भर दुपारी हे होत नाही; तेव्हा झिजलेल्या दगडाचा अष्टकोन सहज गोल भासतो. शनिवारवाड्याचे बुरूज गोल आहेत की पैलूदार, हे मुलांनी कोणालाही न विचारता अशा दोन वेळांच्या छायाचित्रांवरून ठरवावे, असे मी सुचवेन.

पेठेतला

शनिवारवाड्यातच हजारी कारंजे आहे. त्याची रचना सोळा पाकळ्यांच्या कमळाची आहे. एक पाकळी सोडून एक अशी टोके जोडली की अष्टकोन मिळतो. ते उदाहरण चालेल का?

ओळंबा

माझ्या मते ते दुसऱ्या प्रकारचे उदाहरण म्हणून ठेवावे. सोळा समान भाग करण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे वर्तुळाचे आधी चार, मग आठ आणि मग सोळा भाग करणे. त्यामुळे आखणीच्या एखाद्या टप्प्यावर अष्टकोन येऊन गेला असण्याची शक्यता मोठी आहे. परंतु दगडात घडवलेली आकृती सोळा पाकळ्यांची आहे आणि अष्टकोन आपण जोडलेला आहे. मंडईच्या मनोऱ्यावर हात ठेवून "ही त्याची बाजू" असे म्हणता येते, तसे येथे म्हणता येत नाही. मुलांनी रेखाटनात घडवलेल्या रेषा अखंड आणि आपण जोडलेल्या रेषा तुटक दाखवल्या, तर हा भेद आपोआप स्पष्ट होईल.

भूमितीवर्ग

आपण सर्वांनी इतक्या आत्मीयतेने लिहिले, त्याबद्दल मी अत्यंत ऋणी आहे. अखंड आणि तुटक रेषांचा संकेत मी उपक्रमाच्या सूचनांत घालते आहे, तसेच प्रत्येक छायाचित्रासोबत अंतर, वेळ आणि उभे राहण्याची जागा लिहिणे बंधनकारक करते आहे. अंतर पावलांनी मोजून चालेल, असे मला वाटते.

एक गट जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वराला जाण्याचा हट्ट धरून बसला आहे. तेथील नंदीमंडप तर गोल आहे. त्या गटाला नाही म्हणावे का?

कर्कटक

मुळीच नाही म्हणू नये. आठव्या शतकात अखंड कातळातून कोरलेला तो मंडप या उपक्रमात विरोधी उदाहरण म्हणून अमूल्य आहे. गोल छताची कड छायाचित्रात लंबवर्तुळाच्या चापासारखी दिसते. आपण खाली उभे असल्यामुळे कडेचा आपल्याला सर्वांत जवळचा भाग सर्वांत उंच दिसतो आणि दोन्ही बाजूंना कड खाली उतरत जाते. अष्टकोनी छत असते, तर तेथे वाक न दिसता सरळ तुकडे आणि त्यांच्यामध्ये कोपरे दिसले असते. मुलांनी कडेवर पट्टी ठेवून सरळ तुकडा सापडतो का, हे पाहावे. छताखालील खांब चौकोनी आहेत, त्यामुळे एकाच चौकटीत वर्तुळ आणि चौकोन दोन्ही मिळतील आणि मधला अष्टकोन तेथे का लागला नाही, हा प्रश्न मुलांच्या मनात येईल. घुमट रचून चढवावा लागतो, तर येथे छत आणि खांब एकाच कातळातून कोरून मोकळे केले आहेत, या फरकापासून त्यांनी उत्तराला सुरुवात करावी.

ओळंबा

पाताळेश्वर आणि शनिवारवाडा ही दोन्ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारके आहेत, तेव्हा खडूने खुणा करणे किंवा कातळाला चिकटपट्टी लावणे टाळावे. तिपाई न्यायची असल्यास आधी परवानगी घ्यावी लागते. हातातला फोन पुरेसा आहे. मंडईत मात्र सकाळच्या मालाची चढउतार संपल्यावर जावे, म्हणजे हमालांच्या वाटेत मुले येणार नाहीत आणि अंतराची पावलेही सरळ रेषेत टाकता येतील.