शब्दचर्चा : दोन तारे एकाच संघात ‘सामावून घेणे’, ‘बसवणे’ की ‘सांगड घालणे’?

पुरवणीवाला
क्रीडापानाच्या फुटबॉलवरच्या एका लेखात वाक्य आहे : “लॅम्पार्ड आणि जेरार्ड यांना एकाच संघात सामावून घेणं इंग्लंडच्या कुठल्याच प्रशिक्षकाला जमलं नाही.” मला ‘सामावून घेणे’ खटकतंय. पर्यायी क्रियापद सुचवा. शिवाय असे दोघे म्हणजे ‘एका माळेचे मणी’ म्हणावेत, ‘तोडीस तोड’ की आणखी काही?

शब्दकुळी
‘एका माळेचे मणी’ नकोच, त्यात तुच्छता आहे. ‘तोडीस तोड’ आणि ‘एकाच वकुबाचे’ हे कुवतीबद्दल बोलतात, खेळण्याच्या पद्धतीबद्दल नाही. आघाडीचा मेसी आणि गोलरक्षक बुफॉन एका वकुबाचे म्हणता येतील, पण त्यांना एका संघात घ्यायला कोणाची अडचण होणार? तुम्हाला हवाय तो शब्द ‘एकाच धाटणीचे’.

क्रियापदाबद्दल : ‘सामावून घेणे’ यात मुळात जागा करून देणं आहे. घर सुनेला सामावून घेतं, म्हणजे बदलायचं ते घरानं. इथे अकरा जागा ठरलेल्या आहेत, बारावी निघत नाही.

मग ‘एका म्यानात दोन तलवारी’?
(विचारणारा : निळीजर्सी) शीर्षकाला छान दिसेल.

डावा_हाफ
दिसेल छान, पण अर्थ चुकेल. ती म्हण वर्चस्वाच्या भांडणाची आहे. इथला प्रश्न मैदानावरचा होता.

दोघेही मधल्या फळीतून धावत जाऊन गोल करणारे. लॅम्पार्डची खासियत म्हणजे उशिरा, नेमक्या क्षणी पेनल्टी क्षेत्रात शिरणं. जेरार्ड चेंडू घेऊन किंवा चेंडूमागे मुसंडी मारायचा आणि लांबून फटके हाणायचा. क्लबमध्ये दोघांच्याही मागे राखणदार असायचा. चेल्सीत लॅम्पार्डच्या मागे मॅकेलेले. लिव्हरपूलमध्ये हामान, अलोन्सो, पुढे मास्चेरानो. २००५ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात मध्यंतराला ०-३ असताना हामान आत आला, जेरार्ड पुढे सरकला आणि ५४व्या मिनिटाला त्याने हेडरने पहिला गोल केला. तो पुढे गेला कारण मागे कोणीतरी थांबलं.

इंग्लंडच्या सरळ ४-४-२ मध्ये (चार बचावपटू, चार मध्यरक्षक, दोन आघाडीवीर) मध्यभागी हे दोघेच. १०५ मीटरच्या मैदानावर मध्यवर्तुळाच्या कडेपासून आपल्या पेनल्टी क्षेत्रापर्यंत सुमारे २७ मीटर अंतर असतं. दोघे एकदम पुढे गेले की ही पट्टी मोकळी. प्रतिस्पर्ध्याचा एक पास तिथे पडला की मधल्या दोन बचावपटूंपैकी एकाला पुढे यावंच लागतं आणि त्याच्या पाठीमागे भगदाड पडतं. उलट दोघेही ‘तू जा, मी थांबतो’ म्हणत थांबले की दोघांचंही शस्त्र म्यानात. (घ्या तुमची म्हण, निळीजर्सी, पण दोन म्यानं लागली.)

पुरवणीवाला
मग ‘बसवणे’ कसं? “दोघांना संघात बसवलं”?

शब्दकुळी
नाटक बसवतात, गणपती बसवतात, आणि सुतार फळी घासून चौकटीत बसवतो. तिसरा अर्थ इथे लागू पडतो, कारण त्यात घासली जाते ती फळी. ‘सामावून घेणे’च्या बरोबर उलट. फक्त प्रश्न उरतो, घासलं कोणाला?

डावा_हाफ
स्कोल्सला! युरो २००४ मध्ये इंग्लंडचा प्रशिक्षक एरिक्सनने बेकहॅम उजवीकडे, जेरार्ड-लॅम्पार्ड मध्ये आणि स्कोल्स डावीकडे असे चौघे एका रांगेत ठेवले. स्कोल्स उजव्या पायाचा, मध्यातून खेळ विणणारा. डावीकडून तो सारखा आत यायचा, मग डाव्या बगलेत बचावपटू ॲशली कोल एकटा. क्रोएशियाविरुद्ध स्कोल्सने गोल केला, तोही देशासाठी तीन वर्षांनी. त्याच वर्षी ६६ सामन्यांवर तो आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून बाहेर पडला.

म्हणून ‘बसवणे’ या वाक्यात प्रामाणिक आहे, पण कर्म चुकीचं आहे. लॅम्पार्ड-जेरार्डना बसवलं असं नाही, त्यांच्यापायी स्कोल्सला बसवलं.

अनुवादमित्र
इथे ‘जागा’ आणि ‘भूमिका’ वेगळ्या लिहाव्यात. बातम्यांत सर्रास मिसळतात. स्कोल्सची जागा बदलली, पण त्याच्या अंगात मुरलेली भूमिका बदलली नाही, म्हणून घोटाळा. याउलट १९७० चा विश्वविजेता ब्राझील. रिव्हेलिनो डावीकडे, पण आत येऊन फटके मारायला मोकळा. तोस्ताव नावाला आघाडीवर, प्रत्यक्षात मागे येऊन पेले आणि जाइरझिन्योला जागा करून देणारा. क्लबमध्ये मधल्या फळीत खेळणारा पियाझा तर थेट बचावफळीत. आणि जेर्सनच्या जोडीला राखण करायला क्लोडोआल्डो. प्रशिक्षक झगालोने जागा बदलल्या, भूमिका शक्य तितक्या राखल्या. अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध ४-१.

निळीजर्सी
मग ‘मोट बांधणे’? झगालोने पाच ताऱ्यांची मोट बांधली.

शब्दकुळी
मोट बांधतात ती विखुरलेल्या, न जुळणाऱ्या गोष्टींची, म्हणून राजकारणाच्या बातम्यांत ती फार. एकाच धाटणीच्यांना ती शोभत नाही. ‘खोगीरभरती’ कोणी सुचवण्याआधीच सांगतो : ती टाकाऊंची असते.

माझं मत ‘सांगड घालणे’. सांगड म्हणजे नदी ओलांडायला दोन होड्या किंवा भोपळे एकत्र बांधून केलेला तराफा. दोन्ही सारखेच असले तरी चालतं. गरज असते ती बांधणाऱ्या दोराची.

डावा_हाफ
आणि तो दोर इंग्लंडने २००६ च्या विश्वचषकात फार उशिरा शोधला. इक्वेडोरविरुद्ध दोघांच्या मागे कॅरिक ठेवला, उपांत्यपूर्व फेरीत पोर्तुगालविरुद्ध हारग्रीव्ह्ज. पण जास्तीचा मध्यरक्षक आणायचा तर आघाडीचा एक कमी. रूनी एकटा पडला, ६२व्या मिनिटाला लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. पेनल्टींत लॅम्पार्ड आणि जेरार्ड दोघेही चुकले. इंग्लंडकडून एकच गोल झाला, हारग्रीव्ह्जचा!

प्रशिक्षक कापेलोने नंतर बॅरीला मध्ये ठेवून जेरार्डला डावीकडून आत यायला लावलं. २०१० च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत ते बऱ्यापैकी चाललं, प्रत्यक्ष विश्वचषकात जर्मनीविरुद्ध ४-१ ने उघडं पडलं.

अनुवादमित्र
एक उपप्रश्न. कॅरिकला ‘बचावात्मक मध्यरक्षक’ लिहावं का? तो मागे थांबायचा, पण काम मुख्यतः पासांचं. मॅकेलेले चेंडू हिसकावणारा. एकच शब्द दोघांना लावला की वाचकाला फरक कळत नाही.

डावा_हाफ
‘मागचा मध्यरक्षक’ ही जागा म्हणून लिहा. मग त्याचं काम वेगळं सांगा : हिसकावणारा की वाटणारा.

पुरवणीवाला
वाक्य असं करतोय : “लॅम्पार्ड आणि जेरार्ड या एकाच धाटणीच्या खेळाडूंची सांगड घालण्यासाठी लागणारा मागचा मध्यरक्षक इंग्लंडने सातत्याने खेळवला नाही.” जरा लांबलंय.

शब्दकुळी
‘लागणारा’ काढून ‘हवा तो’ लिहा. बाकी ठीक.