मदत हवी आहे : फुक्स डिस्ट्रॉफीसाठी डीमेक करावे की डीएसओ?

नमस्कार. माझ्या आईला दोन्ही डोळ्यांत फुक्स डिस्ट्रॉफी (कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या, आतल्या पेशी हळूहळू मरत जाण्याचा आजार) असून सोबत मोतीबिंदूही आहे. सकाळी उठल्यावर तिला सगळे धुरकट दिसते, कारण रात्रभर डोळे मिटलेले असल्याने कॉर्नियात साचलेले पाणी उडून जात नाही. पूर्वी तासाभरात नजर निवळत असे, आता दुपार उजाडते, आणि ५ टक्के मिठाच्या थेंबांचाही फारसा उपयोग होत नाही.

डॉक्टरांनी मोतीबिंदूसोबत डीमेक ही कॉर्नियाची शस्त्रक्रिया सुचवली आहे. हे पाणी बाहेर उपसणाऱ्या आतल्या पेशी मेल्या की त्यांची जागा नव्या पेशी घेत नाहीत, म्हणून दात्याच्या डोळ्यातला फक्त या पेशींचा पातळ पडदा बसवून तो हवेच्या किंवा वायूच्या बुडबुड्याने दाबून धरतात. अडचण अशी की त्यानंतर उताणे पडून राहावे लागते आणि आईची पाठ तसे झोपू देत नाही.

डीएसओ या दुसऱ्या शस्त्रक्रियेत मधला साधारण ४ मिलिमीटरचा खराब पडदा नुसता सोलून काढतात व कडेच्या निरोगी पेशी सरकत येऊन ती जागा भरतात. रिपासुडिल हे थेंब या सरकण्याला मदत करतात. दात्याचा पडदा नसल्याने तो शरीराने नाकारण्याची भीती नाही, हे मला मोठे आकर्षण वाटते. मात्र कडेच्या पेशी पुरेशा शिल्लक असाव्या लागतात, आणि आईच्या तपासणीत फक्त मधल्या भागाचीच मोजणी झाली आहे.

जपानमध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या अशा पेशी सुईने डोळ्यात सोडण्याच्या उपचाराचे पहिले निष्कर्ष २०१८ मध्ये ११ रुग्णांवरून प्रसिद्ध झाले आणि २०२३ मध्ये तेथे त्याला मंजुरीही मिळाली. त्यात तीन तास पालथे झोपवतात (हे आईला जमेल!), पण त्याची वाट पाहत कॉर्निया आणखी सुजू देणे मला पटत नाही.

डीएसओ केलेल्यांनी कृपया सांगावे की नजर स्वच्छ व्हायला किती काळ गेला, आणि ते न जमल्यास नंतर डीमेक करता आले का? पाठदुखी असलेल्यांनी डीमेकनंतरचे झोपणे कसे निभावले? तसेच, टीसीएफ४ जनुकातील दोष अनेक रुग्णांत आढळतो असे वाचले. आम्हा भावंडांना अजून कसलाही त्रास नसताना जनुकचाचणी करावी, की नेत्रतपासणीत पेशींची मोजणी करून घेणे पुरेसे आहे?