मदत हवी आहे: आन्सरिंग मशीन नुसतं ‘टूं टूं’ रेकॉर्ड करतंय

नमस्कार मंडळी. “ताई, मोबाईल वापरा” एवढा सल्ला सोडून काहीही सांगा. तो घरात सगळ्यांनी देऊन झालाय.

सोलापूरच्या साखर पेठेत आमचं जुनं घर आहे आणि घरातूनच कडक भाकरी, शेंगाचटणी विकतो. पुडक्यावर ०२१७चा लँडलाइन नंबर छापलेला आहे, जुन्या लँडलाइन नंबरांपुढे २ लागला त्याच्याही आधीपासूनचा. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाणारी मंडळी आदल्या संध्याकाळी त्याच नंबरवर सांगतात, दहा भाकऱ्या, पाव किलो चटणी बांधून ठेवा. त्यामुळे नंबर सोडायचा नाही. सासूबाईंचं ते ठाम मत आहे आणि खरं सांगायचं तर माझंही.

वर्षभरापूर्वी तांब्याची लाइन जाऊन फायबर आलं. तेव्हाच दोन हँडसेटचा कॉर्डलेस घेतला, आन्सरिंग मशीनसकट. बेस, म्हणजे लाइनला जोडलेला मुख्य भाग, पुढच्या खोलीत, दुसरा हँडसेट स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या फळीवर. मिरच्या पसरायला गच्चीवर जाताना सासूबाई तो कमरेला खोचून नेतात. कांडप सुरू असलं की रिंग ऐकूच येत नाही, म्हणून मशीनची हौस. आपण कामात असू तेव्हा ऑर्डर आपोआप नोंदली जाईल, असं वाटलं होतं.

झालंय काय, की रोज रात्री वही घेऊन बसते, बटण दाबते, आणि ऐकू येतं नुसतं टूं... टूं... टूं. एक संपलं की दुसरं. प्रत्येक तीन-तीन मिनिटं. मशीनची जागा १८ मिनिटांची, म्हणजे सहा फोनांत भरलं. मग ‘मेमरी फुल’ आणि खरा गिऱ्हाईक हात हलवत परत. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तर दुपारी बारालाच भरायचं.

दुसरी गंमत, ते कधी पाच रिंगांनी उचलतं, कधी दोनच रिंगांत. हल्ली बहुतेक वेळा दोनच. सासूबाई गच्चीवरच्या जिन्यातून हातातला हँडसेट कानाला लावेपर्यंत मशीन बोलायला लागलेलं असतं. आणि बोलतं ते कंपनीने भरून दिलेलं इंग्रजी. एका आजोबांचा आवाज मी जपून ठेवलाय: “हॅलो... हॅलो... आवो बोला की ओ...” मग मागे कुणालातरी, “बाई विंग्रजीत बोलायलीय बे. राँग नंबर. ठेव.” पुढे तीन मिनिटं टूं टूं.

शिवाय किरकोळ तक्रारी. स्वयंपाकघरातल्या हँडसेटची बॅटरी तासाभरात उतरते. आणि लाईट गेली की सगळंच मुकं. जुना डबडा फोन तरी अंधारात वाजायचा! अमेरिकेतले दीर म्हणतात, तिकडून चांगला हँडसेट पाठवतो. मागवू का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद (पंढरपूर): ताई, त्या हँडसेटमध्ये सेल कुठले आहेत ते उघडून बघा. घड्याळाचे साधे पेन्सिल सेल असतील तर आत्ताच्या आत्ता काढा. ते चार्ज करायचे नसतात. फुगतात, पाझरतात.

धागाकर्ती: उघडलं. एका सेलला पांढरी बुरशी आल्यासारखं झालंय. आमच्या चिरंजीवांनी मागच्या दिवाळीत “बदलले” होते म्हणे, भिंतीवरच्या घड्याळातले काढून.

प्रतिसाद (पुणे): मोबाईल घ्या की.

धागाकर्ती: 🙏

प्रतिसाद (सोलापूर, होटगी रोड): मी टेलिफोन खात्यातून निवृत्त. ताई, मशीन बिघडलेलं नाही, त्याला आपला एंगेज टोन कळत नाही. पलीकडच्याने फोन ठेवला की तुमच्या लाइनवर एंगेज टोन येतो. मशीनची समजूत अशी की, काही सेकंद शांतता झाली म्हणजे माणूस गेला. पण इथे शांतता होतच नाही. आपला टोन पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद गप्प, पुन्हा वाजतो. काही परदेशी यंत्रं त्यांच्याकडचा टोन ओळखून फोन ठेवतात, पण युरोपात बहुतेक ठिकाणी तो साधारण अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचा. आपला वेगळा पडला, की मशीनला वाटतं कुणीतरी अजून बोलतंय, आणि ते वेळ संपेपर्यंत ऐकत बसतं. सेटिंगमध्ये ‘रेकॉर्डिंग टाइम’ असेल, तिथे ३ मिनिटांचं १ मिनिट करा. भाकरीची ऑर्डर सांगायला मिनिट पुष्कळ झालं.

आता दोन रिंगांचं. तुमचं मशीन ‘टोल सेव्हर’वर असणार. त्यात नवा निरोप आलेला असेल तर ते दोन रिंगांत उचलतं, नसेल तर पाच. हेतू असा, की तुम्ही परगावाहून स्वतःच्या घरी फोन लावला आणि तिसरी रिंग वाजली, तर निरोप नाही म्हणून ठेवून द्यायचं, एसटीडीचे पैसे वाचले. त्या काळी फार उपयोगाचं होतं. तुमच्याकडे झालंय असं: टूं टूं हाच ‘नवा निरोप’ धरला जातो, म्हणून पुढचा फोन दोन रिंगांत उचलला जातो. आपली रिंग तीन सेकंदांना एकदा येते, म्हणजे तुम्हाला उचलायला मिळाले सहा सेकंद! गिऱ्हाईक इंग्रजी ऐकून फोन ठेवतो, पुन्हा टूं टूं. टोल सेव्हर काढून सात रिंगा लावा. वीस-एकवीस सेकंद मिळतात, सासूबाई सावकाश उचलतील.

धागाकर्ती: काका, हे इतकं सरळ कुणीच सांगितलं नव्हतं. दुकानदार म्हणाला लाइनचा दोष, लाइनवाला म्हणाला मशीनचा.

प्रतिसाद (बार्शी): अमेरिकेतून मागवू नका. तिकडचे कॉर्डलेस १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतात. युरोपातले आणि आपल्याकडे मिळणारे बहुतेक त्याखालच्या १८८० ते १९००वर. तिकडचा हँडसेट तुमच्या बेसशी जुळणारच नाही. अख्खा सेट आणला तर तो आपल्या मोबाईलच्या पट्ट्यात घुसतो, म्हणजे शेजाऱ्यांना ताप. वर तिकडचा अडॅप्टर फक्त १२० व्होल्टचा असला, तर आपल्या प्लगमध्ये घातल्या घातल्या धूर. दिरांना म्हणावं, चॉकलेटं पाठवा.

लाईटचं कारण सोपं आहे. जुन्या फोनला एक्स्चेंजमधून तारेतूनच ४८ व्होल्ट यायचे, घरातल्या विजेशी त्याला देणंघेणं नव्हतं. फायबरच्या काचेच्या तंतूतून वीज येत नाही. घरातला फायबरचा डबा आणि कॉर्डलेसचा बेस, दोघांनाही वीज लागते. इन्व्हर्टर असेल तर दोन्ही एकाच इन्व्हर्टरच्या बोर्डावर घ्या. राऊटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घेतलात तर तो डब्यालाच जोडा. तो बहुधा १२ व्होल्टचा असतो आणि बेसच्या अडॅप्टरवर त्याच्या साधारण निम्मे व्होल्ट लिहिलेले असतात. पिन बसते म्हणून घुसवू नका. डब्याला एक साधा वायरचा फोनही जोडून ठेवा, बेस बंद पडला तरी तो वाजेल; एका लाइनला दोन फोन लावायचा जोड (स्प्लिटर) मिळतो.

सेल घेताना ‘निकेल मेटल हायड्राइड, १.२ व्होल्ट’ बघून घ्या, दोन्ही एकदमच बदला. आणि हँडसेट चुलीच्या वर ठेवणं बंद. ४० अंशांच्या वर ते सेल नीट चार्ज होत नाहीत. सोलापूरच्या मे महिन्यात तुमच्या फळीवर किती होत असेल, तुम्हीच बघा.

धागाकर्ती (नऊ दिवसांनी): मंडळी, सगळं केलं. एक मिनिट, सात रिंगा, नवीन सेल. हँडसेट आता पाण्याच्या माठाशेजारच्या कोनाड्यात असतो. गच्चीच्या टोकाला अजून आवाज तुटतो, पण मधली भिंत दीड हात दगडाची आहे, तिला कोण सांगणार. सासूबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून बोलतात.

इंग्रजी बाई काढून सासूबाईंच्या आवाजात निरोप भरला. पहिल्यांदा त्यांनी “हॅलो, कोण?” असंच भरलं आणि उत्तराची वाट बघत बसल्या. चौथ्या वेळी जमलं: “भाकरीवाल्या बोलतोय. हात पिठात आहेत. टुण्ण वाजलं की नाव, किती भाकऱ्या आणि कधी नेणार ते सांगा.” मागून शेजारच्या अक्कांनी तेच तेलुगूत सांगितलंय, कारण आमची निम्मी गिऱ्हाइकं शहराच्या पूर्व भागातली, तेलुगू बोलणारी. काल रात्री वहीत अकरा ऑर्डरी उतरवल्या आणि टूं टूं फक्त चार, तेही मिनिटाचेच. ते आजोबाही बोलले. या वेळी मशीनशी गप्पाच मारल्या, सुनेची चौकशी केली, आणि भाकऱ्या किती ते सांगायच्या आत मिनिट संपलं.

होटगी रोडच्या काकांना एकच विचारायचं राहिलं. लग्नाला लातूरला जायचंय. मोबाईलवरून घरी फोन लावून मशीनचा पिन (गुप्त आकडा) दाबला की निरोप ऐकता येतात असं पुस्तिकेत आहे. मी दाबते, पण निरोप काही लागत नाही, मशीन आपलं “हात पिठात आहेत” म्हणत राहतं. पिन सासूबाई बोलत असतानाच दाबायचा, की टुण्ण झाल्यावर?