भाकरी चांगलीच, पण किती खाता तेही बघा

इथे एका ताईंनी लिहिलंय की पोळी-भात सोडून भाकरी सुरू केली की शुगरचं टेन्शन संपलं. तसं नाहीये हो ताई. ज्वारीतही पिष्टच जास्त असतं, तीन-चार भाकऱ्या आणि वर तर्रीवाली शेवभाजी झाली तर फायदा काय राहिला? त्यापेक्षा आपली कळण्याची भाकरी करा, ज्वारीसोबत उडीद दळलेले असतात म्हणून प्रोटीन जास्त मिळतं, एक भाकरी, भरपूर पालेभाजी नाहीतर कमी तेलातलं भरीत, वाटीभर घट्ट डाळ, पोट मस्त भरतं.

आणि वजनाचं कोणी बोललंच नाही इथे! अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात डायबेटिसच्या काठावर असलेल्या लोकांना ७ टक्के वजन कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायचा असं टार्गेट दिलं होतं, तर त्यांच्यात डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) घेणाऱ्यांमध्ये ३१ टक्क्यांनी. ७ टक्के वजन म्हणजे ८० किलोच्या माणसाला साडेपाच किलोच्या आसपास, हे जमण्यासारखं आहे.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात उन्हात चालायला जाऊच नका, पहाटे जा, आणि रात्री जेवल्यावर गल्लीत दहा-पंधरा मिनिटं तरी फिरा, चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात.

घरात आई-वडिलांना डायबेटिस असेल तर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ताची तपासणी) करून घ्या, ५.७ ते ६.४ टक्के आलं, म्हणजे डायबेटिसच्या काठावर असाल, तर डॉक्टरांशी लगेच बोला, त्रास व्हायची वाट बघू नका प्लीज.