कंपवातासाठी कुहिलीच्या बियांचे चूर्ण : चालू गोळीसोबत द्यावे काय?

प्रश्न (देसाईगंज, जि. गडचिरोली)

माझ्या वडिलांना कंपवात असून नागपूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी लिहून दिलेली लेवोडोपा-कार्बिडोपाची गोळी ते दिवसातून तीन वेळा घेतात. आमच्या धुऱ्यावर पावसाळ्यात खाजकुहिलीचे वेल माजतात आणि गावातील एका जाणत्या गृहस्थांचे म्हणणे असे की, तिच्या बियांचे चूर्ण दुधातून दिल्यास गोळीची गरजच उरत नाही. या बियांत खरोखर औषधी द्रव्य आहे काय, आणि असल्यास ते गोळीसोबत चालते काय?

उत्तर (औषधनिर्माता, ब्रह्मपुरी)

द्रव्य आहे, आणि अडचण अशी की ते गोळीतलेच आहे. कुहिलीच्या बियांत साधारण ४ ते ६ टक्के लेवोडोपा असते. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी ते या बियांतून वेगळे काढले होते. कंपवातात मेंदूतील डोपामीन कमी पडते, परंतु डोपामीन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, लेवोडोपा शिरते आणि आत गेल्यावर त्याचे डोपामीन होते. गोळीतील कार्बिडोपा हे रूपांतर मेंदूबाहेर होऊ देत नाही. बियांत कार्बिडोपा नसल्याने लेवोडोपाचा बराच भाग वाटेतच खर्ची पडतो व मळमळ, उलटी वाढते. त्यामुळे गोळीवर चूर्ण देणे म्हणजे मोजमापाविना मात्रा वाढवणे होय. अंग वेडेवाकडे हलणे, भास होणे, उभे राहताना रक्तदाब घसरून पडणे, हे सारे त्यातून संभवते.

उत्तर (आयुर्वेद चिकित्सक, चंद्रपूर)

आमच्या शास्त्रात हीच कपिकच्छू किंवा आत्मगुप्ता होय. वैद्य तिचे बी दुधात शिजवून, टरफल काढूनच वापरतात, धुऱ्यावरून तोडून थेट कुटत नाहीत. शेंगेवरची कुसे डोळ्यांत गेली तर काय होते, ते गुराख्यांना विचारावे.

आधुनिक चाचण्याही झाल्या आहेत. २००४ साली लंडनमध्ये ८ रुग्णांवर केलेल्या तुलनेत ३० ग्रॅम चूर्णाचा परिणाम नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर सुरू झाला व अधिक वेळ टिकला. मात्र बोलिव्हियात १४ रुग्णांना १६ आठवडे चूर्ण दिले, तेव्हा निम्म्यांनी पोटाच्या तक्रारींमुळे किंवा हालचाली बिघडल्यामुळे ते मध्येच सोडले. माझ्या मते हे बी आशादायक आहे, पण इतक्या मोजक्या रुग्णांवरून घरच्या घरी प्रयोग करण्याइतका आधार मिळत नाही.

पुन्हा प्रश्नकर्ता

बाजारातील अर्काच्या कॅप्सूलवर १५ टक्के लेवोडोपा असे छापलेले असते. ती अधिक सुरक्षित मानावी काय?

उत्तर (औषधनिर्माता, ब्रह्मपुरी)

छापलेला आकडा खरा धरला, तर ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये ७५ मिलिग्रॅम लेवोडोपा येते, आणि नेहमीच्या एका गोळीत बहुधा १०० मिलिग्रॅम असते. म्हणजे तिला निव्वळ पूरक आहार समजून चालणार नाही. दुधातून देण्याचा सल्ला तर उलटाच पडतो, कारण दूध-डाळीतील प्रथिने लेवोडोपाच्या शोषणात अडथळा आणतात. गोळीसुद्धा जेवणाच्या अर्धा तास आधी दिलेली बरी. चूर्णाच्या भरवशावर गोळी एकाएकी बंद करू नये, तसे केल्यास तीव्र ताप, अंग ताठरणे आणि भ्रम अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. चूर्ण आधीच सुरू केले असेल, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याची पुडी घेऊन नागपूरच्या डॉक्टरांना दाखवावी.