मदत हवी आहे: हीट सिंक चिकटवायच्या एअर प्रेसला दाब किती ठेवू? बोर्ड मरतायत

घाईत_आहे:
जाणकारांनी जरा लवकर सांगा, उद्या सकाळी लाइन सुरू करायची आहे. आधी हीट सिंक (चिपची उष्णता काढणारे धातूचे तुकडे) चिपवर अंगठ्याने दाबून चिकटवायचो, ते सुटून पडायचे. म्हणून न्यूमॅटिक प्रेस लावला. आता सिंक सुटत नाहीत, पण शंभरात सात-आठ बोर्ड शेवटच्या टेस्टला मरतायत. प्रेसखाली जायच्या आधी सगळे पास असतात. दाब ४ बार आहे. ३ करू की २? एवढंच सांगा.

मापाडी:
एवढंच सांगता येत नाही हो. ४ बार हा हवेचा दाब झाला. चिपवर जोर किती येतो ते सिलिंडरच्या बोअरवर (आतल्या व्यासावर) ठरतं. बोअर किती? चिप केवढी? टेप, पेस्ट की पुश पिन? बोर्डाखाली काय ठेवता? आणि 'मरतायत' म्हणजे नक्की काय होतं?

खटपट्या:
टेप असेल तर ती आधी फेकून द्या. चार स्क्रू, चार स्प्रिंगा, मागून बॅकप्लेट. विषय संपला. आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच चालतं, एक सिंक हललेला नाही.

घाईत_आहे:
खटपट्या, बोर्डाला भोकंच नाहीत. स्क्रू माझ्या डोक्यात मारू का?
मापाडी, टेप आहे, दोन्हीकडून चिकटणारी. बीजीए चिप (पोटाखाली सोल्डरचे गोळे असलेली), ३५ बाय ३५ मिमी. बोअर ६३ मिमी. बोर्ड मरतो म्हणजे चालूच होत नाही.

खटपट्या:
मग डिझाइनवाल्यांना सांगा भोकं ठेवायला. मूळ दुखणं तिथे आहे.

मापाडी:
६३ चा बोअर म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ ३११७ चौ. मिमी. ४ बारला जवळपास १२५० न्यूटन, म्हणजे सव्वाशे किलो! दोन माणसं त्या चिपवर उभी करताय. चिपचं क्षेत्रफळ १२२५ चौ. मिमी, म्हणजे दर चौ. मिमीला एक न्यूटनच्या वर. टेपला किती लागतो तो नेमका आकडा तिच्या डेटाशीटमध्ये असतो. समजा तो ०.२ निघाला, तर तुम्हाला एकूण २४५ न्यूटन पुरे.

घाईत_आहे:
म्हणजे पाऊण बारवर आणू? ठीक, करतो.

मापाडी:
थांबा! ६३ चं सिलिंडर पाऊण बारला धड हलत नाही. सीलचं घर्षण सोडवण्यातच बराच दाब जातो, मग अडकत-सुटत खाली येतं आणि दर वेळी जोर वेगळा. २५ चा बोअर लावा. त्याला ५ बारला बरोबर २४५ न्यूटन मिळतात आणि रेग्युलेटर मधल्या पट्ट्यात नीट चालतो. सिंकच्या जागी लोड सेल (जोर मोजणारा सेन्सर) ठेवून एकदा मोजूनही घ्या.

निवृत्त_फोरमन:
सगळे आकड्यांत रमलेत, मी साधं विचारतो. प्रेसला बटण एक आहे की दोन?

घाईत_आहे:
दोन आहेत. एकावर ऑपरेटरने चिकटपट्टी मारलीय, दुसऱ्या हाताने बोर्ड धरता यावा म्हणून.

निवृत्त_फोरमन:
वाटलंच मला. उद्या लाइन सुरू करायच्या आधी ती पट्टी काढायची. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली तरच प्रेस खाली यावा, आणि एक कायमचं दाबलेलं असेल तर अजिबात येऊ नये, अशी जोडणी असते. तुमच्याकडे पट्टी मारून चालतंय, म्हणजे तीही धड नाही. बोर्ड हाताने धरावा लागतो याचा अर्थ फिक्स्चर (बोर्ड धरून ठेवणारा साचा) नीट नाही. बोट गेलं की बोर्ड मोजत बसाल का?

वाफारा:
छान चर्चा. माझा लॅपटॉप फार तापतो. पेस्ट मटारएवढी लावावी की पसरवून?

चिमटा:
वाफारा, वेगळा धागा काढा.
घाईत, दुरुस्तीच्या टेबलावरून सांगतो. मेलेला बोर्ड घ्या, चिपच्या मुख्य सप्लायचा ग्राउंडशी रोध मोजा आणि चांगल्या बोर्डाशी ताडून बघा. शॉर्ट निघाला तर बेंच सप्लायवरून अर्धा-एक व्होल्ट द्या, करंटला मर्यादा घालून, आणि बोर्डाच्या मागच्या बाजूला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) ओता. शॉर्ट झालेला भाग तापतो. जिथलं आधी उडून जाईल तो कपॅसिटर मेला. सिरॅमिक कपॅसिटर वाकला की टोकाच्या पत्र्याखालून तिरका तडा जातो, वरून भिंगातही दिसत नाही.

घाईत_आहे:
केलं. चिपच्या बरोबर पाठीमागे बारके कपॅसिटर आहेत, त्यातल्याच एकावरचं आयपीए झटकन वाळलं. दुसऱ्या बोर्डावरही तिथेच, शेजारचा.

मापाडी:
आता तरी सांगा, बोर्डाखाली काय आहे?

घाईत_आहे:
अॅल्युमिनियमची प्लेट आणि वर रबर शीट. रबर मुद्दाम घातलं, बोर्डाला इजा नको म्हणून.

चिमटा:
म्हणजे सव्वाशे किलो थेट त्या कपॅसिटरांच्या डोक्यावर. त्यात रबर दबतं, बोर्ड त्याच्याबरोबर वाकतो. रबर काढा, प्लेटमध्ये कपॅसिटरांपुरता खळगा करा.

मापाडी:
नुसता खळगा केला तर बोर्ड मधोमध अधांतरी राहील आणि त्यातच वाकेल. आजार तोच. खळग्यात कपॅसिटरांच्या मधल्या मोकळ्या जागी आधाराच्या पिना हव्यात.

चिमटा:
तिथे पिन मावायला जागा असते का? बोर्ड कधी उलटा करून बघितलाय? खळगा चिपपेक्षा लहान असला की कडेने आधार मिळतो. एवढं पुरतं.

मापाडी:
'पुरतं' हे स्ट्रेन गेज (बोर्ड किती ताणला-वाकला ते मोजणारी पट्टी) लावून ठरवा, अंदाजाने नको.

निवृत्त_फोरमन:
भांडू नका. आणि सिलिंडरच्या एक्झॉस्टला (हवा बाहेर पडते तिथे) वेग आवरणारा फ्लो कंट्रोल लावलाय का? नसेल तर रॅम (दाबणारा दांडा) आपटतो. तो दणका हवेच्या दाबाच्या गेजवर दिसत नाही.

चिकटराव:
मूळ प्रश्न कोणी विचारलाच नाही. अंगठ्याने लावलेले सिंक का सुटत होते? चिप आयपीएने पुसत होता का? फ्लक्सचा (सोल्डरिंगच्या रसायनाचा) थर असला तर कितीही दाबा, सुटणारच. काचेच्या पट्टीवर एक सिंक त्याच जोराने चिकटवून पट्टी उलटी धरा. टेप नीट बसली तिथे गडद दिसते, हवा अडकली तिथे पांढुरके डाग. शिवाय अॅक्रिलिक टेपची पूर्ण पकड यायला तीनेक दिवस लागतात. लावल्या लावल्या ओढून बघत असाल तर सुटेलच.

घाईत_आहे:
पुसत नव्हतो. आणि हो, लावल्या लावल्या ओढूनच बघायचो.

(दोन दिवसांनी)
२५ चं सिलिंडर बसवलं, फ्लो कंट्रोल लावला, चिकटपट्टी काढली, बटणांची जोडणीही दुरुस्त केली. रबर काढून खळगा केला, मधे दोन पिना कशाबशा मावल्या. चिप पुसून घेतो. काल ६० बोर्ड झाले, एकही मेला नाही. स्ट्रेन गेज कुठून तरी मिळवतोय.
पण जुन्या प्रेसवरचे जे टेस्टला पास झाले, ते सगळे पाठवून झालेत. त्यांचं काय?

चिमटा:
तडा गेलेला कपॅसिटर टेस्टला पास होऊ शकतो. तड्यात दमट हवा शिरली की मग हळूहळू शॉर्ट होतो. त्या लॉटमधले चार-पाच परत मागवून कपॅसिटर कापून बघा.

घाईत_आहे:
मागवायचे तर साहेबांना कारण सांगावं लागेल. रबर घालायची आयडिया त्यांचीच होती.