चांदीकामाचा वर्ग लावायचाय, पैसे भरण्याआधी काय काय विचारू?

चित्रकलेच्या बाई, नाशिक

नमस्कार मंडळी. मी शाळेत चित्रकला शिकवते, हातोडी धरायची वेळ कधी आली नाही. आजीच्या पायात असायची तशी ठसठशीत जोडवी स्वतः घडवायची फार इच्छा आहे. दोन वर्ग सापडलेत. पुण्यातला शनिवार-रविवारचा, "स्वतःची चांदीची अंगठी घेऊन घरी जा" असा. दुसरा इथेच नाशकात, आठवड्याला एक संध्याकाळ, तीन महिने. तिथे पहिला महिनाभर चांदी बघायलाही मिळणार नाही, तांब्यावर करवत आणि कानस. फी साधारण सारखीच. घरच्यांचं मत पुण्याच्या बाजूने. शिवाय पुण्याचे लोक हत्यारांचं किट आधीच घ्या म्हणतात. घ्यावं का? आणि फ्लॅटच्या बाल्कनीत गॅसची बत्ती चालेल का?

हुपरीकर

ताई, किटला हातसुद्धा लावू नका आत्ता. त्यातल्या निम्म्या पकडी पेटीतच गंजतात. वर्ग कुठलाही लावा, दोन गोष्टी तेवढ्या विचारा: बत्त्या किती आणि माणसं किती. आठ जणांत एक बत्ती असेल तर तुमच्या वाट्याला विस्तव येणार किती? आणि या कामात शिकायचं ते विस्तवापाशीच.

आमच्या घरात पैंजणाचं काम. लहानपणी मला वर्षभर कानस आणि तार ओढायला दिली होती, तेव्हा राग यायचा. पण झाळकाम, म्हणजे सोल्डर (चांदीआधी वितळणारा जोडधातू) वितळवून जोड लावणं, हातात घेतलं तेव्हा कळलं. जोडाची दोन्ही टोकं कानसून अशी भिडवावी लागतात की दिव्यासमोर धरल्यावर फटीतून उजेड येता कामा नये. फट राहिली तर सोल्डर ती भरून काढत नाही.

विस्तवाचं म्हणाल तर ९२.५ टक्क्यांची चांदी ८०० अंशांच्या थोडं वर गेली की वितळायला लागते, आणि कडक सोल्डर वाहतं ७५०-७८० ला. मधे जागा एवढीशीच. त्यात चांदी झळ लगेच अंगभर पसरवते, म्हणून नुसत्या जोडावर ज्योत धरून भागत नाही. आधी सगळी अंगठी फिरवून फिरवून तापवायची, जोडावर शेवटी यायचं. नजर टाकणखारावर, म्हणजे जोडावर लावलेल्या बोरॅक्सवर ठेवा. तो आधी पांढरा फुगतो, मग बसतो, मग काचेसारखा पातळ होऊन चमकतो. तो चमकला की तयार राहा. सोल्डरची चकती एकदम चपटी होते आणि जोडातून चांदीची रेघ सर्रकन पळते. तेवढ्यात ज्योत बाजूला घ्यायची. हे व्हिडिओ बघून जमत नाही, शेजारी उभं राहून "आता काढ!" म्हणणारं कुणीतरी लागतं.

तांब्याला नाकं मुरडू नका. आजच्या भावात चांदीवर करवत शिकणं परवडणारं नाही. माझं मत नाशिक.

पुणेकरीण

मी असा दोन दिवसांचा वर्ग केलाय. कुठला ते सांगत नाही. अंगठी झाली, छान झाली, पण झाळलं सरांनी आणि मी फोटो काढला. करवत मात्र मनसोक्त चालवली. पात्याचे दात मुठीकडे, म्हणजे खाली ओढताना कापतं. पातं ताणून बसवलं की बोटाने छेडल्यावर टिंग वाजतं, ढिलं असेल तर पटापट तुटतं. आवड आहे की नाही हे कळायला दोन दिवस पुरतात, हुपरीकरांनी अगदीच मोडीत काढू नये.

विचारायचं आणखी एक: सोल्डर कॅडमियमचं तर नाही ना? सोन्यात ज्याला केडीएम म्हणतात, त्यातलं हेच कॅडमियम. त्याचा धूर फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना वाईट. उत्तर गुळमुळीत आलं तर तिथे जाऊ नका. बाल्कनीचा विचार इतक्यात नकोच, वाळत घातलेले कपडे आणि बत्ती एका जागी नकोत.

हुपरीकर

मोडीत नाही हो काढत! आवड बघायला जावं की. कॅडमियमचं सांगितलंत ते बरं केलंत, आमच्याकडची जुनी माणसं ऐकत नाहीत.

चित्रकलेच्या बाई, नाशिक

नाशकात फोन केला. सहा जण, तीन बत्त्या, सोल्डर कॅडमियमविरहित. नाव घातलं. पण जोडव्यांपर्यंत पोचायला तीनही महिने जातील का?

हुपरीकर

कशाला? साधी जोडवी उघड्या तोंडाची असतात, त्यांना झाळ लागतच नाही. जाड तार घ्या, मंद लाल होईपर्यंत तापवा. लाली अंधाऱ्या कोपऱ्यातच नीट दिसते, उन्हात दिसली म्हणजे जास्त तापली समजा. गार करून दांड्यावर लाकडी मोगरीने वळवा, लोखंडी हातोडीने वळ उठतात. तार ताठरली की पुन्हा तापवायची, जोर लावत बसायचं नाही. टोकं कानसून गोल करा, नाहीतर मोजे फाटतील. काळपटपणा जायला गरम पाण्यात लिंबूसत्त्व, आणि त्यात लोखंडी चिमटा घालू नका, चांदीवर तांबडा थर चढतो.

वर्गात कानशीखाली कागद अंथरायला सांगतील, तो चुरा जपून ठेवा. आमच्याकडे झारेकरी दुकानापुढची धूळसुद्धा धुऊन न्यायचे.